बसलेले सर

मुलांना उंच उडी शिकवताना माझ्या टाचेवरची जाड शीर तुटली. आवाज एवढा खणखणीत आला की मुलांनी टाळ्या वाजवल्या.

ऑपरेशनला आता सात महिने झालेत. फिजिओथेरपिस्टबाईंची मागणी साधी आहे: दुखऱ्या पायाच्या चवड्यावर उभं राहून टाच एकदा उचलायची. मी रोज ओट्याला धरून जोर लावतो. घाम फुटतो, भुवया वर जातात, टाच मात्र ढिम्म.

“भुवयांचा व्यायाम छान होतोय,” आई म्हणते.

शाळेत मी मैदानाच्या कडेला खुर्चीत बसून शिकवतो. नऊ वर्षं मी मुलांबरोबर धावलो, तेव्हा आमच्या फुटबॉल संघाने एकही सामना जिंकला नाही. मी बसल्यापासून सलग पाच जिंकलेत.

आज सकाळी टाच बोटभर उचलली गेली. दुपारी अंतिम सामना सुरू होता, तरी मला राहवलं नाही. मी उठलो आणि मुख्याध्यापिकांना टाच उचलून दाखवली.

“मॅडम, पुढच्या महिन्यापासून मी मैदानात उतरतो.”

“एवढी घाई कशाला, सर?”

“मी खेळाचा शिक्षक आहे.”

“म्हणूनच म्हणते. जरा संघाचा विचार करा.”

तेवढ्यात आमच्यावर गोल झाला. आमचा कर्णधार मैदानातून जिवाच्या आकांताने ओरडला, “सर, खाली बसा!”

मी बसलो. पुढच्याच मिनिटाला आम्ही बरोबरी साधली. मॅडमनी शिपायाला माझ्यासाठी उशी आणायला पाठवलं.