आतून न दिसणारं दार

चैतालीने दोन बोटांनी फोटो ताणला, तसा दाराचा मधला भाग मोबाइलभर पसरला. कडी नव्हती. जिथे ती असायला हवी तिथे स्क्रूची चार उघडी भोकं होती आणि भोकांच्या भोवती ओरखडे. ओरखडे ताजे होते, पॉलिशखालचं पांढरं लाकूड दिसत होतं.

शिलाई मशीनवर एका गिऱ्हाइकाचा पडदा अर्धा शिवून पडला होता. तिने पायडलवरचा पाय काढून घेतला आणि फोटोखालच्या दोन ओळी पुन्हा वाचल्या.

'आतल्या माणसाला दार सापडता कामा नये. सवयीने हात कडीकडे जातो, म्हणून कडी काढून टाकली आहे.'

घरसजावटीच्या त्या ग्रुपवर रोज नाना प्रश्न यायचे. सोफ्याला कुठला रंग शोभेल, छोटी खोली मोठी कशी दिसेल, देव्हाऱ्यामागे कुठली टाइल लावावी. चैताली पडदे शिवायची, त्यामुळे तिच्या सल्ल्याला तिथे मान होता. जयराम पगारे नावाच्या माणसाने चार दिवसांपूर्वी विचारलं होतं, की पुढचं दार आतून भिंतीसारखंच दिसावं यासाठी काय करता येईल. लोक हौसेने तुटून पडले होते. कुणी पुस्तकांच्या कपाटाचं चित्र असलेला वॉलपेपर सुचवला, कुणी झाडाझुडपांचा. सगळ्यांत जास्त पसंती मिळाली होती ती चैतालीच्या उत्तराला. भिंतीचाच रंग दाराला आणि चौकटीला मारा, वरून खालपर्यंत त्याच रंगाचा पडदा सोडा, तिथे दार आहे हे कुणाच्या ध्यानातही येणार नाही, असं तिने लिहिलं होतं. लिहिताना तिच्या डोळ्यांसमोर पाहुणे होते. आतलं माणूस नव्हतं.

आता त्याच्या या नव्या फोटोखालीही लोक फुलं आणि टाळ्या टाकत होते. ओरखडे एकालाही दिसले नव्हते.

तेवढ्यात त्याच नावाने निरोप आला. 'तुम्ही नाशिकच्याच ना? तो पडदा तुम्हीच शिवून द्या. माप घ्यायला याल का? उपनगर नाक्याच्या मागे कॉलनी आहे. कधीही या. आत कुणी तरी असतंच.'

खाली घराचा नंबर होता.

तिने राकेशला फोन लावला. तिचा नवरा सिन्नरच्या एका कारखान्यात होता. मागे यंत्रांची घरघर ऐकू येत होती.

"अगं, माणूस पडदा मागतोय," सगळं ऐकून तो म्हणाला. "तू कुठल्या कुठे पोचलीस."

"आतून कडी काढलीय त्याने. ओरखडे आहेत दारावर."

"मग जाऊ नकोस."

"आणि आत खरंच कुणी असलं तर? दार लपवायचं कसं, ते मी शिकवलंय त्याला."

"पोलिसांना तरी काय सांगणार? एकाला दार झाकायचंय म्हणून?"

"तेच ना."

"लोकेशन चालू ठेव. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू नकोस. मी फोन करत राहतो."

माप घ्यायची टेप तिने पर्समध्ये टाकली. स्कूटी चालवताना मनात येत राहिलं, आपण कोण लागून गेलो? मागे फिरावं. लिहून टाकावं की सध्या कामं घेत नाही. पण प्रत्येक सिग्नलला ती चार भोकं डोळ्यांपुढे येत होती, आणि सिग्नल सुटला की ती पुढेच जात होती.

कॉलनीत दोन्ही बाजूंना एकाला एक लागून बैठी घरं होती. सगळ्यांना सारखाच चॉकलेटी रंग. भर दुपारी गल्लीत कुणी नव्हतं, फक्त समोरच्या ओट्यावर कुणी तरी मिरच्या वाळत घातल्या होत्या. तिने नंबर शोधला. त्या दाराला बाहेरून कडी होती.

तिने स्कूटी बंद केली नाही. बसल्या जागेवरून हाक मारली, "पगारे साहेब?"

आत भांडं वाजलं. मग पावलं. दाराला लागूनच असलेल्या खिडकीच्या गजांमागे एक म्हातारी बाई येऊन उभी राहिली. पांढरे केस नीट विंचरलेले, स्वच्छ सुती साडी, चष्मा.

"पडदेवाली का?" तिने विचारलं. "कडी काढ आणि आत ये."

चैतालीने गल्लीच्या दोन्ही टोकांना पाहिलं. स्कूटी चालूच ठेवून ती खिडकीपाशी गेली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "साहेब कुठे आहेत?"

"आत आहेत."

चैतालीने गज धरला. "मावशी, आवाज करू नका. मी कडी काढते. तुम्ही सरळ बाहेर या आणि माझ्या गाडीवर बसा. चपला राहू द्या."

"कुठे जायचं?"

"कुठेही. तुम्हाला कोंडून ठेवलंय ना?"

"हो," म्हातारी म्हणाली.

"कुणी?"

म्हातारीने चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

"मीच," ती म्हणाली. मग गजांतून हात बाहेर काढून तिने बाहेरची कडी सहज सरकवून दाखवली. "इथून हात पोचतो बघ."

राकेशचा फोन वाजला. चैतालीने तो बंद केला, मग पुन्हा लावून म्हणाली, "ठीक आहे. मी नंतर बोलते." काय ठीक आहे ते तिलाही कळलं नव्हतं. तिने स्कूटी बंद केली आणि आत गेली.

खोली लख्ख होती. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, खाली बुद्धाची लहान मूर्ती, तिच्यापुढे ताजी फुलं. शेजारी हार घातलेला एका माणसाचा फोटो.

"हे जयराम, माझे यजमान," म्हातारीने ओळख करून दिली. "मोबाइल त्यांचाच. मला नवीन नाव टाकता येईना, म्हणून त्यांच्याच नावाने लिहिते. मी वत्सलाबाई. एसटीच्या डेपोत नोकरीला होते, रिझर्व्हेशनच्या खिडकीवर."

दाराजवळच्या स्टुलावर स्क्रूड्रायव्हर पडला होता. वत्सलाबाईंच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. हात घसरून ओरखडे पडले, असं त्या जरा ओशाळून म्हणाल्या.

चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं, आणि इतकं सरळ सांगितलं की चैतालीला कपाकडे पाहत राहावं लागलं. उन्हाळ्यात एकदा त्या भाजी आणायला निघाल्या आणि भानावर आल्या तेव्हा विंचूरच्या कांद्याच्या बाजारात ट्रॅक्टरांच्या मधोमध उभ्या होत्या. एका पायात स्वतःची चप्पल, दुसऱ्यात जयरामांची. कांदे निवडणाऱ्या एका बाईने पाणी दिलं, एसटीत बसवून दिलं. त्यानंतर एकदा सिन्नर फाट्याला. हायवेच्या दुभाजकावर. दोन्हीकडून ट्रक चाललेले, आणि कुठल्या बाजूला उतरायचं तेच आठवेना.

"मरायला भीत नाही मी," वत्सलाबाई म्हणाल्या. "पण तिथे उभी असताना माझं नाव मला आठवत नव्हतं. त्याची भीती वाटते."

"मुलं?"

"अमित पुण्याला असतो. त्याला सांगितलं तर उद्याच्या उद्या गाडी घेऊन येईल. वाईट नाही तो. पण मला घेऊन जाईल, आणि नव्या घरात तर मला संडासही सापडणार नाही." त्यांनी दाराकडे पाहिलं. "दार दिसलं की उठून जावंसं वाटतं. का, ते ठाऊक नाही. दिसलंच नाही तर बसून राहीन. तुझा उपाय मला फार पटला. म्हणून तुलाच बोलावलं."

चैतालीने पर्समधली टेप बाहेर काढली नाही. गॅसची शेगडी तिला बसल्या जागेवरून दिसत होती. दार झाकलेलं, बाहेरून कडी, शेगडीवर दूध, आणि या बाई भिंतीवरून हात फिरवत दार शोधताहेत. वाटेत तिला वाटलेली भीती एका अनोळखी माणसाची होती. ही वेगळी होती, आणि ती स्कूटीवर बसून मागे टाकता येणार नव्हती.

"मी हा पडदा शिवणार नाही, मावशी."

वत्सलाबाईंचा चेहरा पडला. "मग कुणी दुसरी शिवेल."

"ग्रुपवर हजारो लोकांना विचारलंत. इथे समोर कुणाला सांगितलंय?"

"तिथे मला कुणी ओळखत नाही," वत्सलाबाई म्हणाल्या. थोड्या वेळाने त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. परत येताना त्या कॉलनीपर्यंत बरोबर पोचतात, पण इथे सगळी दारं सारखी. दोनदा त्या समोरच्या धोंडाबाईंच्या दाराशी जाऊन उभ्या राहिल्या, आणि साखर मागायला आले असं सांगून वेळ निभावली. घरात साखर भरपूर होती.

चैताली उठून दाराबाहेर गेली. गल्लीतल्या चॉकलेटी दारांची रांग तिने एकदा पाहिली.

"आतून लपवण्यापेक्षा बाहेरून ओळखू येईल असं करू," ती म्हणाली. "कुठला रंग आवडतो तुम्हाला?"

"रंगाने माझं जाणं थांबणार आहे का?"

"नाही थांबणार. पण परत तरी याल. आणि कुणी विचारलं की एवढा रंग का, तर..."

वत्सलाबाईंनी उंबऱ्यात येऊन दारांची रांग पाहिली. मग म्हणाल्या, "पिवळा. झेंडूसारखा."

रविवारी चैताली डबा आणि ब्रश घेऊन आली. आधी तिने आतली कडी परत बसवली. वत्सलाबाई स्क्रू एकेक करून हातात देत राहिल्या. रंगाचा पहिला हात मारून होतो न होतो तोच समोरचं दार उघडलं आणि धोंडाबाई ओट्यावर आल्या. भरल्या अंगाची बाई, कपाळावर आठी.

"लय भडक हाय," त्या म्हणाल्या. "सगळ्या लाइनीत येकच पिवळं. कशापायी?"

चैतालीने ब्रश डब्यात सोडला. बोलायचं आपण नाही, हे तिला माहीत होतं. वत्सलाबाईंनी ओट्याच्या कठड्याला हात टेकवला.

"मला विसरायला होतं, धोंडाबाई," त्या म्हणाल्या. "बाहेर पडते आणि कुठे जाते ते कळत नाही. साखर मागायला आले होते ना, तेव्हा मला तुमचं घर माझं वाटलं होतं."

धोंडाबाई वळल्या आणि आत गेल्या. चैतालीच्या मनात आलं, आता हे साऱ्या कॉलनीत पसरणार, संध्याकाळपर्यंत पुण्यालाही कळणार, आणि या बाईंनी जे जिवापाड झाकून ठेवलं ते आपण उघड्यावर आणलं. वत्सलाबाई समोरच्या दाराकडे एकटक पाहत होत्या, आपण नेमकं काय बोललो ते आठवत असल्यासारख्या.

धोंडाबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात प्लास्टिकची खुर्ची होती. मिरच्यांचं फडकं त्यांनी पायाने बाजूला सारलं, पिवळं दार नीट समोर येईल अशी खुर्ची मांडली आणि बसल्या.

"कवा जातीस तू?" त्यांनी विचारलं. "सकाळच्याला का दुपारी?"

"ठरलेलं नसतं," वत्सलाबाई म्हणाल्या.

"मंग दोन्ही टायमाला बसावं लागंल," धोंडाबाई म्हणाल्या, आणि मांडीवर सूप घेऊन मिरच्यांची देठं खुडू लागल्या.