उठलं की जागा गेली

भिवापुरातल्या मिरचीच्या सातऱ्यात, म्हणजे मिरची निवडायच्या शेडमध्ये, बायका दिवसभर ओळीने उकिडव्या बसून देठ खुडतात. तिथे एकच कायदा चालतो, उठलं की जागा गेली. पंख्याखालची जागा तर सोन्याची. ती चाळीस वर्षं भागीरथाबाईंची होती, आणि पाणी प्यायला उठतानाही बाई बारदानावर चप्पल ठेवून जायच्या.

शाळेत खेळ शिकवणाऱ्या मिनलने या बायकांसाठी खो-खो निवडला आणि वस्तीतल्या खेळासाठी मिळणाऱ्या छोट्या अनुदानाचा अर्ज नागपूरला धाडला. तिचा हिशोब सोपा होता, बसायचं तर यांना येतंच! पदर खोचून आठ जणी बसल्याही. पण पाठीवर खो पडला तरी एक जण हलेल तर शपथ.

"उठा ना, काकू!"

"काहून उठू?" खो देऊन मागे उभ्या पोरीकडे बोट दाखवत भागीरथाबाई म्हणाल्या. "थे मोनाली टपून राहिली माह्या जागेवर!"

मिनलने कपाळावर हात मारून घेतला. महिनाभरात बाकीच्या उठायला लागल्या, भागीरथाबाई मात्र खुंट्यासारख्या गच्च. सातऱ्याचे मालक ओमप्रकाशशेठ यांनी मिरची वाळवायचं अंगण संध्याकाळी तासभर दिलं होतं, तेही अनुदानाच्या भरवशावर. अनुदान नाही तर अंगण नाही, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. दिवसातला तेवढाच एक तास या बायका खदखदून हसायच्या. तो जाईल या धास्तीने मिनलला घास गोड लागत नव्हता.

अनुदानाच्या पाहणीला नागपूरहून साहेब आले, खुर्चीत बसले आणि पाच मिनिटांत म्हणाले, "मॅडम, योजना सगळ्यांसाठी आहे. त्या आजी तर नुसत्या बसून आहेत." त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात पाठलाग करणारी मोनाली धापा टाकत भागीरथाबाईंच्या मागे येऊन वाकली. बावीस वर्षांची पोर, पण सकाळपासून सातऱ्यात दाराशी उन्हात बसलेली.

"खो, मावशी! मले नाही होत आता. बसू द्या नं."

भागीरथाबाईंनी मान वळवून तिचा लालबुंद चेहरा पाहिला. आणि त्या उठल्या.

मिनल बारा वर्षं मुलींना खो मिळाल्यावर कसं उठायचं ते शिकवत होती, पण असं उठणं तिने जन्मात पाहिलं नव्हतं. हात भुईला लागला नाही, तोल गेला नाही. चौसष्ट वर्षांचं ते अंग टाचांवरून सरळ पळतच सुटलं, खांबाला वळसा घालून गेलं आणि पुढच्या बाईच्या पाठीत धपकन हात बसला. ज्या बसण्याने यांचे पाय कामातून गेले म्हणून मिनल हळहळायची, त्याच बसण्याने पायांत एवढं बळ साठवलं होतं. आपण यांना शिकवायला निघालो होतो, याची तिला लाजच वाटली.

साहेबही उठले, पण दोन्ही हात खुर्चीला टेकून. "यांचं वय काय म्हणालात?" त्यांनी दोनदा विचारलं आणि उभ्याउभ्याच मंजुरीचा शेरा लिहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मिनल ही खबर द्यायला सातऱ्यात गेली. पंख्याखालचं बारदान रिकामं होतं, त्यावर चप्पलही नव्हती. भागीरथाबाई दाराशी, उन्हात देठ खुडणाऱ्या मोनालीच्या मागे उभ्या होत्या. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"खो," त्या म्हणाल्या. "ऊठ वं, पंख्याखाली जा."

आणि तिच्या जागी बसल्या.