पेरूहून आलेलं जोडमडकं

चौपन्नच्या मार्गशीर्षात, एका सोमवारी चार वाजता प्राध्यापक हरिहर मडकं न्यायला येणार होते, आणि सुमतीबाईंनी त्यात अजून थेंबभर पाणी घातलं नव्हतं.

मडकं काळं, चकचकीत. दोन पोटं, मधे नळी, एका पोटावर पक्ष्याचं डोकं. सुमतीबाईंचे यजमान त्र्यंबकराव बोटीवर तारयंत्र सांभाळायचे. एकोणपन्नास साली ते त्यांनी पेरूच्या बंदरातून धोतरात गुंडाळून ठाण्याला आणलं.

"पाणी घालून डोलवलं की पक्षी शीळ घालतो. घाल बघू."

"सापडलं कुठं हे?"

"थडग्यात. चिमू म्हणून लोक होते, पाचशे वर्षांपूर्वी. चाक ठाऊक नाही, साच्यात दाबून मडकी करायचे. माणूस गेला की त्याच्याजवळ ठेवायचे."

"म्हणजे मढ्याचं मडकं! फोडायचं सोडून घरात आणलंत? माझ्या घरचं पाणी नाही लागायचं त्याला."

ते हसले. पुढं दर सुट्टीत विचारायचे, "काय, लागली का तहान पक्ष्याला?"

बावन्नच्या आषाढात ते गेले. मुलीनं, चित्रानं, आता मडकं कॉलेजच्या संग्रहाला द्यायचं ठरवलं होतं.

तीनच्या सुमारास बाळकुमची सखुबाई भाजीची पाटी घेऊन आली. टेबलावरचं मडकं बघून म्हणाली, "वयनी, यात काय ठेवता?"

"काही नाही. गेलेल्या माणसाचं आहे ते."

"मंग पानी नको त्याला? दादा गेले तवा तुमीच ठेवलं व्हतं ना धा दिस, दिव्याजवल?"

सुमतीबाई उठल्या. तांब्या आणला, निम्मं मडकं भरलं, हळूच कलतं केलं. नळीत पाणी बुडबुडलं, एवढंच. दुसऱ्यांदा कलतं केलं, तर पक्ष्याच्या डोक्यातून लांब, मऊ शीळ आली.

"आई गं! जिता हाय यो!" सखुबाई दोन पावलं मागं सरकली.

सुमतीबाईंनी पाणी परत पहिल्या पोटात आणलं. पुन्हा कलतं केलं. चार वाजले तरी त्या तिथंच होत्या.

हरिहर आले, चहा प्यायले.

"मडकं पुढच्या आठवड्यात, गुरुवारी न्या. दहा दिवस होऊ देत," सुमतीबाई म्हणाल्या.

"अगं आई, आपण शब्द दिलाय!" चित्रा म्हणाली.

"दिलाय ना. गुरुवारी देते म्हटलं." आणि त्या तांब्या भरायला आत गेल्या.