ग्रीस काढणारं पाणी

आयरिनी कोराकिसनं उमेदीची सगळी वर्षं एका द्रवापायी घालवली. उसाच्या चोथ्यापासून केलेला तो द्रव यंत्रांच्या सुट्या भागांवरचं ग्रीस काढायचा आणि काढणाऱ्याला अपाय करायचा नाही. ऑस्ट्रेलियातल्या जीलाँगच्या कारखान्यात तिचा पहिला साहेब डेस हॅलम जुन्या, गोडसर वासाच्या रसायनात कोपरापर्यंत हात घालायचा. तिच्या खटपटीला हसायचाही. आता त्याच रसायनापायी त्याला कंपवात जडला होता. हरित रसायनशास्त्राच्या पुरस्कारासाठी तिचं नाव सुचवलं ते त्यानंच.

मेलबर्नच्या समारंभात ती त्याला मटणाचे तुकडे करून भरवत होती. तेवढ्यात तिच्या द्रवाचे हक्क घेतलेल्या कंपनीचा क्रेग शेजारी येऊन बसला.

"अभिनंदन. एक सांगायचं राहिलं. तुझा द्रव आम्ही बाजारात आणत नाही आहोत. आमचं जुनं रसायनच बरं खपतंय."

"मग हक्क परत द्या."

"आणि दुसऱ्या कुणी तो बाजारात आणला तर? आमचं जुनं कोण घेईल?"

म्हणजे हक्क घेतले ते दडपायलाच. आयरिनीनं काटा ताटात ठेवला.

"व्यासपीठावर गेलीस की सांग हे," डेस अडखळत म्हणाला.

"बक्षीस काढून घेतील."

"घेऊ देत. माझ्याकडे बघ आणि सांग."

तिनं व्यासपीठावरून सगळं सांगितलं, कंपनीच्या नावासकट.  मग निवेदकानं तिचे आभार मानले आणि गोडाचं ताट फिरू लागलं. बक्षीस कुणी परत मागितलं नाही. तेच तिला जास्त लागलं. वर्तमानपत्रात फोटो आला, बोललेलं आलं नाही.

हिवाळ्यात डेसला घास गिळता येईना. त्यातच तो गेला.

त्याला पोचवून आल्यावर आयरिनी जुन्या कारखान्यात गेली. डबे खायच्या खोलीत वर्तमानपत्रातला तिचा फोटो चिकटवलेला होता. "मोठी झालीस गं," फोरमन म्हणाला. तो मनापासून बोलत होता. पलीकडे दोघं जण उघड्या हातांनी त्याच गोडसर वासाच्या रसायनाच्या टाकीतून दातेरी चाकं काढत होते.

"निदान हातमोजे तरी घाला रे. खिडक्या उघडा."

"मोज्यांतून चाक निसटतं, बाई," एकजण हसून म्हणाला. "आणि बाहेर थंडी किती आहे."

तिनं स्वतःच खिडकीला जोर लावला. रंगाचे थरावर थर बसून ती चौकटीला घट्ट चिकटली होती. नख तुटलं, तरी ती ढकलत राहिली. फोरमननं तिला हळूच बाजूला घेतलं.