अळणी नवस

धाकटी डहाणूत किंजलच्या तोंडी कुणी लागत नसे. ती हौसेने तिखट झाली नव्हती, नवऱ्याने, हार्दिकने, तिला तशी करून ठेवली होती. त्याचं डोकं वर चढलं की तो रात्र रात्र जागायचा, लोकांच्या होड्या विकत घ्यायला निघायचा, दमणची दारू आणून अख्ख्या बंदराला पाजायचा आणि अडवील त्याला झोडायचा. उतरलं की भिंतीकडे तोंड करून पडायचा, आणि तेव्हाही बाटली उशाशी. वलसाडच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव बायपोलर सांगितलं, लिथियमच्या गोळ्या दिल्या. आजार आणि दारू एकमेकांना पोसतात, म्हणाले. किंजलच्या कानात दारू तेवढी शिरली. पुढचं पथ्य ते सांगत होते तेव्हा ती सासूशी भांडत होती.

गोळ्या ती स्वतः चारायची, गिळली की नाही ते तोंड उघडायला लावून बघायची. पण नुसत्या गोळ्यांवर विसंबेल ती किंजल कसली? तिने महालक्ष्मीला नवस केला. चैत्रातल्या जत्रेपर्यंत हार्दिक दारूला शिवणार नाही आणि अळणी जेवेल. नवस हिचा, उपास त्याचा.

"आणि प्यालास तर या घराचं दार तुला बंद," तिने बजावलं.

"बरं," हार्दिक म्हणाला. आणि खरंच, त्याने थेंबाला हात लावला नाही. बिनमिठाचं कालवण गुमान ओरपायचा आणि तापल्या उन्हात वलांडीच्या बांबूंवर बोंबील वाळत घालायचा. अंगाला घामाच्या धारा.

हळूहळू त्याचे हात कापू लागले. पोट बिघडलं. किंजलच्या मनात पाल चुकचुकली. दारुड्याची बायको दुसरं काय समजणार?

त्या दुपारी तो बंदरावरून झुलत आला. शेजारणी हातातली कामं टाकून बघत राहिल्या. ओट्याची पायरी चुकून तो पडला.

"किंजल, मला... बरं नाय..." जीभ वळत नव्हती.

"मेल्या, देवीची तरी लाज बाळगायचीस."

"नाय प्यालो."

"पाय सांगतायत तुझे." तिने त्याच्या तोंडावर दार लावलं आणि आतून कडी घातली. तो दारावर थापा मारत राहिला. मग ओकल्याचा आवाज आला. किंजल खिडकीतून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती. तिला चीड आली होती आणि खरं सांगायचं तर थोडं समाधानही वाटत होतं. आपलं म्हणणंच खरं ठरलं ना!

सासू शांती बाजारातून उन्हं कलल्यावर परतली. लेक ओट्यावर थरथरत होता, हाकेला ओ देत नव्हता. तिने वाकून त्याच्या तोंडाचा वास घेतला.

"दार उघड गं," ती म्हणाली. "याच्या तोंडाला दारूचा वासच नाय."

वलसाडला डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं आणि विचारलं, "जेवणात काय बदललंत?"

"मीठ बंद केलंय," किंजल म्हणाली. "नवस आहे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "मीठ तोडलं की ही गोळी अंगात साठते. वर ऊन, घाम, बिघडलेलं पोट. मग पाय लटपटतात, जीभ जड होते. प्यालेल्यासारखाच दिसतो माणूस. मी बजावलं होतं तुम्हाला. दुपारीच आणला असतात तर एवढं झालं नसतं."

हार्दिक वाचला. बोलणं सुधारलं, हातांचा कंप मात्र राहिला. घरी सोडलं त्या दिवशी किंजलने त्याचा सदरा आणला, बटणं लावायला पुढे झाली. त्याने तिचा हात बाजूला केला.

"चुकलं माझं," ती म्हणाली. हे शब्द तिच्या तोंडून निघायला फार जड गेले. "चल घरी."

"मी पिऊन यायचो तेव्हा तू कधी दार लावलं नायस," हार्दिक म्हणाला. "शिव्या द्यायचीस, पण आत घ्यायचीस." मग तो आईकडे वळला. "आये, मला आगरला मामाकडं ने."

शांतीने गोळ्यांची पिशवी उचलली. स्टेशनच्या रिक्षात तिघांना जागा होती, पण किंजलला कुणी बस म्हटलं नाही.