दररोज लागणारं गरम पाणी

"पाणी तापलंय."

एकोणचाळीस वर्षांपूर्वी, माघातल्या एका सकाळी, बाळाबाईनं हा आवाज पहिल्यांदा ऐकला. लग्नाला तिसरा दिवस. परसात तांब्याचा बंब धुमसत होता आणि बंबाकडं तोंड करून नवरा उभा होता. अगं नाही, तू नाही, नाव तर नाहीच. पाणी तापल्याची खबर तो बायकोला देत होता की बंबाला, हे कळायला मार्ग नव्हता. पण परसात तिसरं कुणी नव्हतं, आणि बंब काही आंघोळ करत नाही, असा विचार करून बाळाबाईनं बादली उचलली.

तिचं माहेर पालीचं, राजगडाच्या पायथ्याला. वेल्हे तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण बाळाबाईचं माहेर अजून वेल्ह्याकडंच आहे. तिथं माघातसुद्धा सगळ्या बाया ओढ्याच्या पाण्यानं न्हायच्या. गरम पाणी दोघांनाच: बाळंतिणीला आणि आजाऱ्याला. बाळाबाई दोन्ही नव्हती. न्हाणीत एकीकडं वाफाळती बादली, दुसरीकडं काठोकाठ भरलेला सिमेंटचा हौद. तिनं दोन्हीत बोट बुडवून पाहिलं आणि तांब्या हौदात घातला.

गरम पाणी वाया कसं घालवायचं? ते तिनं धुण्यावर ओतलं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगून टाकू, असं तिनं ठरवलं होतं. पण नवरा, सावळाराम, भोरच्या आगारात एसटीचा ड्रायव्हर. त्या दिवशी तो मुक्कामी गाडी घेऊन गेला. तो परतला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी परत तोच आवाज आला, "पाणी तापलंय," आणि त्या दोन शब्दांत असं काहीतरी होतं की बाळाबाईनं मुकाट्यानं बादली उचलली. मग सांगायचं राहिलं ते राहिलंच. न्हाणीत ती ओवीसुद्धा ओठांतल्या ओठांत म्हणायची, कारण ओवीनं सगळं बाहेर फोडलं असतं:

*माह्येरी वढ्याला, पानी बाई गारंगार,*
*डोईवरून वतीते, उतरतो सारा भार.*

अशानं बाळाबाईचं धुणं गावात सगळ्यात पांढरं निघू लागलं. शेजारच्या बनाबाईनं दहा वेळा साबणाचं नाव विचारलं. सावळाराम पारावर सांगायचा, "आमच्या हिच्या हाताला गुण हाय." तो मुक्कामी असला की त्या दिवसाचं धुणं जरा मळकट निघे, पण ते बघायला तो नसे. गोधड्या धुवायच्या असल्या की बाळाबाई आणखी एक बादली मागायची. सावळारामनं त्यातून काढायचा तो अर्थ काढला: हिला थंडी लई वाजते. तेव्हापासून रोज दोन बादल्या.

निवृत्तीनंतर तर बंब म्हणजे त्याची गाडीच झाली. भाताचं तूस, करवंट्या, वाळल्या फांद्या, सगळं डिझेल. चिंचेनं घासून बंब असा लखलखीत ठेवलेला, की बनाबाई येता-जाता त्यात पदर नीट करायची. मुलानं, अमृतनं, पुण्याहून गिझर पाठवला होता. त्याच्या खोक्यात बाळाबाई भोपळ्याचं बी ठेवते.

यंदा ग्रामसभेनं ठराव केला. जो घरमालक छपरावर सौर बंब बसवील आणि लाकडावरचा बंब कायमचा बंद करील, त्याला पाच वर्षं घरपट्टीत दहा टक्के सूट. सावळारामनं दुसऱ्याच दिवशी नाव दिलं. डॉक्टरांनी त्याला बंबाचा धूर बंद करायला सांगितलं होतं, ते एक. पण पारावर त्यानं कारण वेगळंच सांगितलं: "हिला आता तिन्ही त्रिकाळ गरम पाणी."

बाळाबाईनं हे ऐकलं, आणि ती भाकरी थापत राहिली. भाकरी जरा जाड झाली.

पाहणीला भोरहून शेफाली आली, डिप्लोमा झालेली पोरगी, हातात मोबाईल. सोबत ग्रामपंचायतीचा शिपाई कुंडलिक, हातात टेप, खिशात खडू आणि लाख. लाख बंबाच्या तोटीला सील लावायला.

"तात्या, आज गाडी आगारात जमा," कुंडलिक बंबावर टिचकी मारत म्हणाला. "घंटी मारू का?"

"पैलं छप्पर बघ. गाडीला हात लावू नको."

शेफालीनं न्हाणीचं छप्पर पाहिलं, भिंत ठोकून पाहिली. "काका, शंभर लिटरचा असेल तर या छपरावर आरामात बसेल. त्याच्या वर लागणार असेल तर दोनशेचा घ्यावा लागतो. मग वजन वाढतं, खाली खांब लागतो."

"मग खांब घाला."

"खांबाची जागा..." तिनं न्हाणीत डोकावून पाहिलं. "हा हौद आहे तिथंच येईल."

"मग हौद फोडा. हौदाचं काय काम? तापल्यालं पाणी आता वरनंच येणार."

कुंडलिकनं लगोलग हौदावर खडूनं फुली मारली. बाळाबाई दारात उभी होती. त्या फुलीकडं तिनं एकदा पाहिलं. मग परसात बंबाकडं पाहिलं. हौद गेला तर रोज गरम पाण्यानं न्हावं लागणार, हे एक. पण छपरावरचं पाणी आपोआप तापणार होतं. ते तापलंय, हे उद्यापासून कुणी कुणाला सांगायची गरजच उरणार नव्हती.

"आता माणशी किती लागतं ते सांगा," शेफाली मोबाईलवर बोट ठेवून म्हणाली.

"लिव्ह. माजं वीस. शनवारी अमृत येतो, त्याची मंडळी, दोन पोरं, त्यांचं चाळीस धर. आन् हिचं साठ."

"म्हणजे एकूण एकशेवीस. साठ काकूंचं एकटीचं?"

"एकटीचं. दोन बादल्या तर रोजच्या. थंडीत तिसरी. म्या सोता देतो की."

"काकी, घरात न्हाता का टँकर धुता?" कुंडलिक म्हणाला.

"तुला काय करायचंय रं? हिला सोसत न्हाई गार. वेल्ह्याकडची मानसं नाजूक."

शेफाली हसली नाही. तिचा मोबाईल हसू देत नव्हता. "काका, घर दोघांच्या नावावर आहे. ज्याचं त्यानं स्वतः सांगायचं आणि सही करायची, असं आहे. खाली लिहिलंय, वरील माहिती खरी आहे. काकू, तुम्ही सांगा. दररोज लागणारं गरम पाणी, किती लिटर?"

बाळाबाईनं पदराला हात पुसले. ते कोरडेच होते.

बाळाबाई चौथी शिकलेली. सही येत होती, आणि खोट्याखाली ती कधी केलेली नव्हती. आजवर खोटं बोलायची वेळच आली नव्हती. नवऱ्यानं कधी विचारलंच नाही, आणि हिनं कधी सांगितलं नाही. एकोणचाळीस वर्षं सगळं बादलीवर भागलं होतं. आता कुणीतरी पहिल्यांदाच विचारत होतं, तेही लिटरमध्ये.

"सांग की साठ," सावळाराम म्हणाला.

"शून्य लिव्ह, पोरी."

कुंडलिकच्या हातातला टेप सर्रकन आत गेला.

"शून्य?" शेफालीनं शून्य भरलं. मोबाईलवर लाल अक्षरं आली. "काकू, हे पुढं जात नाहीये. शून्य असेल तर कारण लिहा म्हणतंय."

"कारन कशाला पायजे?"

"मला नकोय, काकू. याला पाहिजे."

सावळाराम बंबाच्या झाकणावर हात ठेवून उभा होता. सकाळचा बंब अजून कोमट होता. दोरीवर त्याचा सदरा वाळत होता, पांढराशुभ्र. त्यानं सदऱ्याकडं पाहिलं. मग वाळत घातलेल्या चादरींकडं. मग न्हाणीतल्या हौदाकडं, ज्याचा काठ एकाच जागी तांब्या घासून घासून झिजला होता. उभ्या नोकरीत कधी रस्ता न चुकलेला माणूस चौफुलीवर थांबावा, तसा तो थांबला.

"म्हंजी," तो हळूच म्हणाला, "पाणी?"

"धुण्याला."

"कवापास्नं?"

"पैल्या दिसापास्नं."

"आन् तू?"

"हौदातलं. गार."

"माघात?"

"माघात."

शेफालीनं मोबाईल खाली केला. कुंडलिकनं सीलसाठी बाहेर काढलेला लाखेचा तुकडा परत खिशात ठेवला.

"मग बोलायचं न्हाई व्हय?" सावळारामचा आवाज चढला, पण चढता चढता मध्येच बसला. "एकोनचाळीस वर्सं म्या फुकतोय त्यो बंब. छातीचा भाता झाला माजा. एकदा तरी म्हनायचं, तापवू नका म्हून!"

बाळाबाईनं त्याच्याकडं पाहिलं, जसं त्या पहिल्या सकाळी पाहायचं राहून गेलं होतं.

"तापवू नका म्हनलं असतं," ती म्हणाली, "तर तुमी बोलला काय असता? दुसरं काय बोलता का तुमी मला सकाळचं?"