सातव्या धड्यातली हाक

दीप्तीचा एक नियम होता आणि तो तिनं आपल्या भावाच्या, महेंद्रच्या डोक्यात पक्का ठोकून बसवला होता. चुकलेला धडा एक दिवसही ठेवायचा नाही. दुरुस्त करून त्याच नावानं इंटरनेटवर चढवायचा, म्हणजे जुना आपोआप पुसला जातो. "जुना राह्यला का पोरं जुनाच शिकतेत, दादा," असं ती म्हणायची.

मध्य प्रदेशातल्या बालाघाटात, दोन खोल्यांत या बहीणभावाचा उद्योग चालायचा. डेटाबेसमधले व्यवहार कसे चालतात, त्याचे धडे. बसची एकच सीट दोघांनी एकदम धरली तर कुणाची? काम अर्ध्यावर असताना वीज गेली तर? अर्धी मराठी, अर्धी हिंदी, आणि सगळं फुकट. कुणीही घ्यावं, बदलावं, वाटावं. महेंद्र कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा, मजकूर त्याचा, आवाज दीप्तीचा. फोनमध्ये जागा कमी, म्हणून धडा वर चढला की ती फोनमधला काढून टाकायची.

पावसाळा सरता सरता तिला कावीळ झाली आणि बघता बघता ती गेली. त्यानंतर महेंद्रनं एकही धडा ऐकला नाही. त्याला ऐकवतच नव्हतं. कुठं तिचा आवाज लागला की हा गडी चपला घालून थेट वैनगंगेकडे चालू लागायचा.

अशात उकवा गावाहून मयुरी नावाच्या एका विद्यार्थिनीचा निरोप आला. "सर, सातव्या धड्यात ताईनं सांगितलं का दोघं एकच नोंद नुसती वाचत असले तरी एकाले थांबा लागते. गलत आहे ना ते?"

गलतच होतं. वाचणाऱ्यांनी एकमेकांसाठी थांबायचं काही कारण नसतं; कुणी लिहायला बसलं तरच त्या नोंदीला कुलूप लागतं आणि बाकीचे थांबतात. चूक महेंद्रच्या कागदातली, बिचारी दीप्ती समोर होतं ते बोलली होती. तेवढी दोन वाक्यं बदलली असती तरी भागलं असतं. पण बदलायची म्हणजे तिचा आवाज ऐकणं आलं. मग या शहाण्यानं काय करावं? अख्खा धडा स्वतःच्या आवाजात वाचला आणि त्याच नावानं वर चढवला. जुनी फाइल जाईल, चालेल का, असं मशीननं विचारलंसुद्धा. यानं हो म्हटलं. बहिणीचा शब्द पाळला म्हणून त्याला त्या दिवशी बरंही वाटलं.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, दुपारची जेवणं झाली आणि त्याची आई तुळसाबाई भिंतीला टेकून फोन घेऊन बसली. थोड्या वेळानं तिनं हाक मारली.

"महेंद्र, याच्यात तू काहून बोलून राह्यला? माही दीप्ती कुठी गेली?"

"धडा चुकला होता आई. मी नवा केला."

"अरे, त्याच्यात मी तिले हाक मारलती ना! दीप्ती, भात थंडा होऊन राह्यला, म्हणून. अन् थे म्हणे, हौ आई, येऊन राह्यले. मंग हासे. तू कॉलेजात गेला का मी रोज आयकते, आज तू घरी होता तरी लावला."

महेंद्र जिला टाळत होता, तिच्याशी आई रोज बोलत होती, आणि त्यानं ते न ऐकताच पुसलं होतं. करायला गेला एक आणि झालं भलतंच. एकदा पक्का झालेला व्यवहार मागं फिरत नाही, हे वाक्य त्यानंच पोरांसाठी लिहिलं होतं.

जुना धडा तिच्याकडे उरला असेल या आशेनं त्यानं मयुरीला फोन लावला.

"हौ सर, आहे ना माझ्याजवळ जुना. उकव्यात नेट कधी असते, कधी नसते, म्हणून सगळेच उतरवून ठेवले."

महेंद्रच्या जिवात जीव आला. संध्याकाळी धडा येऊन पोचला. तो आईजवळ बसला आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा बहिणीचा आवाज ऐकला. रडू आलं, ते त्यानं येऊ दिलं. दीप्ती सीटबद्दल बोलली, कुलपाबद्दल बोलली, ते चुकलेलं वाक्यही बोलली आणि सरळ पुढच्या मुद्द्यावर गेली. मध्ये हाक नव्हती, हसू नव्हतं.

त्यानं परत मयुरीला फोन केला.

"ते मधात कोणी भाताचं बोलत होतं ना सर? मी काटून टाकलं. बाकीच्यायले पाठवायचं होतं, साफ पाहिजे म्हणून."

पोरीला बोलणार तरी काय? हवं ते बदला, असं या बहीणभावानंच प्रत्येक धड्याखाली लिहिलं होतं. महेंद्रनं तिचे आभार मानले आणि फोन ठेवला.

आता तुळसाबाई तोच कापलेला धडा लावते. ती जागा आली की धडा थांबवते आणि स्वतःच हाक मारते, "दीप्ती, भात थंडा होऊन राह्यला."

एका सुट्टीच्या दिवशी महेंद्र आतल्या खोलीत होता. त्याच्यानं राहवलं नाही.

"हौ आई, येऊन राह्यलो," तो म्हणाला.

तुळसाबाईनं मान वर केली नाही.

"तू नोको बोलू रे," ती म्हणाली. "थे बोलंल." आणि तिनं धडा थांबवलेला फोन कानाला लावला.